बंबआजोबांचा सत्कार

मुलांनो, आधी एक कोडं घालते. एकाच्या पोटात विस्तव, दुसऱ्याच्या पोटात पाणी, पण दोघांचं नाव मात्र एकच! ओळखा पाहू!

आमच्या चौथीच्या वर्गात हे कोडं एकालाही सुटलं नाही. तुम्हालाही सुटलं नसेल तर आजीला विचारा. ती लगेच म्हणेल, ‘बंब!’ पूर्वी घरोघरी अंघोळीचं पाणी तापवायला तांब्याचा बंब असायचा. त्याच्या मधल्या नळीत विस्तव पेटवायचा. आणि दुसरा बंब म्हणजे आगीचा बंब. लाल रंगाचा, घंटा वाजवत धावणारा, पोटात पाणी भरलेला. तो विस्तव पेटवत नाही, विझवतो.

आज मी तुम्हाला या दुसऱ्या बंबाच्या गावाला नेणार आहे. गाव फार लांब नाही. भायखळा, गिरगाव, काळबादेवी, परळ असं फिरून आपण पुन्हा लालबागला, माझ्या चाळीत यायचं. बरोबर आमचे बंबआजोबा आहेत. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण चाळीत त्यांना त्या नावानं कुणी हाक मारत नाही.

बंबआजोबांचे वडील गिरणी कामगार होते. आजोबा १९७३ साली मुंबईच्या अग्निशमन दलात साधे फायरमन म्हणून लागले आणि २००८ च्या मे महिन्यात केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झाले. म्हणजे पस्तीस वर्षं! आता त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. अजूनही रस्त्यावर बंबाची घंटा वाजली की ते हातातला चहाचा कप खाली ठेवतात, कान देतात आणि सांगतात, ‘भायखळ्याकडून निघाला, परळकडे चाललाय.’

भायखळ्याच्या अंगणात

१४ एप्रिल म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बरोबर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. आमच्या परळ-दादरच्या रस्त्यांवर तर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पण ही तारीख आणखी एका कारणासाठी आपल्या देशात पाळली जाते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, आणि १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह.

त्याच सप्ताहात मी वर्गातल्या बावीस मुलांना घेऊन भायखळ्याला गेले. बापूराव जगताप मार्गावर मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय आहे. जुनी इमारत, समोर मोठं अंगण, आणि ओळीनं उभे लाल बंब. तोंडं रस्त्याकडे! आमच्यातल्या एकानं विचारलं, ‘बाई, सगळ्या गाड्या बाहेर तोंड करून का उभ्या आहेत?’ मी उत्तर द्यायच्या आत आजोबाच म्हणाले, ‘वर्दी आल्यावर गाडी वळवण्यात वेळ घालवायचा का रे?’

‘वर्दी’ हा शब्द लक्षात ठेवा. आग लागल्याचा निरोप म्हणजे वर्दी. तुम्ही १०१ नंबर फिरवता तेव्हा तुम्ही वर्दी देत असता. ती देताना तीन गोष्टी सांगायच्या. कुठे, काय आणि आत कुणी अडकलंय का. पत्ता सांगताना जवळची खूण सांगायची, म्हणजे देऊळ, शाळा, सिनेमागृह. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही. ‘मजा म्हणून कुणी खोटी वर्दी दिली,’ आजोबा म्हणाले, ‘तरी गाडी निघतेच. खरी की खोटी हे तिथे पोचल्याशिवाय कळत नाही. आणि तेवढ्यात दुसरीकडे खरी आग लागली, तर?’ मुलं एकदम गप्प झाली. का गप्प झाली ते मला कळलं, पण मी काही विचारलं नाही.

तिथल्या जवानांनी आम्हाला सगळं हातात घेऊ दिलं. शिरस्त्राण डोक्यावर घातल्यावर एका मुलीचं तोंडच दिसेना! पाण्याचा पाइप सुरू झाला तेव्हा दोन दणकट माणसं तो धरून उभी होती. का, सांगा बरं? पाणी जोरानं पुढे जातं तेव्हा पाइपाला तितक्याच जोरानं मागे ढकलतं. मोठ्या वर्गात गेलात की न्यूटनचा तिसरा नियम शिकाल, तो हाच. एकट्या माणसानं धरला तर तोच मागे भेलकांडायचा.

पाठीवर बांधायचं नळकांडं पाहून मुलं म्हणाली, ‘ऑक्सिजन!’ जवान हसले. त्यात असते साधी हवाच, फक्त दाबून दाबून भरलेली. आगीच्या जागी नुसता ऑक्सिजन नेणं म्हणजे आगीला खाऊ नेणं! ती हवा संपत आली की शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की बाहेर यायचं. ‘आणि आत माणूस असला तर?’ असं एका मुलानं विचारलं. जवानानं आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी जवानाकडे पाहिलं. ‘तर जोडीदाराला सांगायचं,’ आजोबा म्हणाले. ‘एकटा कुणीच आत जात नाही. म्हणून तर जोडी असते.’

सहासष्ट जणांची आठवण

याच मुख्यालयात एक स्मारक आहे. तिथे आम्ही सगळे चपला काढून उभे राहिलो. आता १४ एप्रिलची गोष्ट सांगते.

साल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं एक जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आलं. त्यात काय काय होतं पाहा : सुमारे चौदाशे टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, आणि सोन्याच्या लगडीसुद्धा! कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! १४ एप्रिलच्या दुपारी जहाजातून धूर येताना दिसला. बंब धावले. कापसाची आग फार लबाड असते. वरून विझली असं वाटतं, पण गासडीच्या पोटात ती तासन्‌तास धुमसत राहते. आजोबांनी गिरणगावातल्या कापसाच्या गोदामांत ती पुष्कळ वेळा पाहिली आहे. जवान जहाजावर आणि धक्क्यावर उभे राहून पाणी मारत होते. पायाखालचं लोखंड तापत चाललं होतं.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासानं दुसरा. एवढा मोठा, की सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावरही त्याची नोंद झाली. आसपासची जहाजं, गोदामं, वस्त्या पेटल्या. शेकडो माणसं मेली, हजारो बेघर झाली. सोन्याची एक लगड तर दूरच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली! आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. त्या दिवशी अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान कामावर असताना गेले. देशभर हा दिवस पाळतात तो त्यांच्या आठवणीसाठी.

मुंबईची आणि आगीची ओळख मात्र त्याहून जुनी. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टमधल्या दाट वस्तीला मोठी आग लागली होती. तेव्हा शहर तटबंदीच्या आत कोंबलेलं होतं. त्या आगीनंतर पुष्कळ लोक तटाबाहेर राहायला गेले, आणि बाहेरची मुंबई वाढू लागली. पुढे पूर्ण वेळ काम करणारं दल उभं राहिलं ते १८८७ साली. सुरुवातीला बंब ओढायला घोडे होते. मोटारीचा बंब आला तो १९०७ मध्ये. आज दलाकडे ९० मीटर उंच जाणारी शिडी आहे. नव्वद मीटर म्हणजे जवळजवळ तीस मजले!

परतताना एक अधिकारी भेटले. त्यांच्या गणवेशावर पदकाची फीत होती. मुलांनी घेराव घातला. त्यांनी समजावून सांगितलं की, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला अग्निशमन दलाच्या जवानांसाठी राष्ट्रपतींची पदकं जाहीर होतात. शौर्यासाठी एक, आणि वर्षानुवर्षं उत्तम सेवा केल्याबद्दल वेगळी.

बसमध्ये एका मुलीनं आजोबांना विचारलंच, ‘आजोबा, तुमचं पदक कुठाय?’

‘मला नाही मिळालं, बाळा.’

‘का? तुम्ही तर पस्तीस वर्षं काम केलं!’

‘अगं, दलात हजारोंनी माणसं. पदकं थोडी. ज्यांना मिळाली त्यांनी ती कमावलेलीच होती.’ आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. पण मुलांना हे काही पटलं नाही. बस चिंचपोकळीला पोचेपर्यंत मागच्या सीटवर कुजबुज सुरू झाली होती. ती कसली, ते पुढे कळेलच.

चौपाटी ते काळबादेवी

पुढच्या रविवारी आजोबांनी आम्हाला गिरगावात नेलं. या वेळी पाच मुलं आणि त्यांचे आईबाबा होते.

आधी चौपाटी. ‘इथं वाळू आहे, समुद्र आहे. इथं कसली आग?’ मुलांनी विचारलं. तर ऐका. १४ फेब्रुवारी २०१६ ला ‘मेक इन इंडिया’ सप्ताहाचा मोठा कार्यक्रम याच चौपाटीवर चालू होता. हजारो प्रेक्षक, समोर भव्य रंगमंच, त्यावर नाच रंगलेला. अचानक मंच पेटला, आणि बघता बघता सगळा मांडव आगीनं वेढला. पण लोक शिस्तीनं बाहेर पडले, बंब आले आणि एकाही माणसाला इजा झाली नाही. ‘का झाली नाही?’ आजोबांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, ‘कारण इथं बाहेर पडायला जागा होती.’

मग आम्ही ठाकूरद्वाराकडून चालत काळबादेवीला गेलो. तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. खाली दुकानं, वर घरं. लाकडी खांब, लाकडी जिने, लाकडी सज्जे. गल्ली एवढी चिंचोळी की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून साखरेची वाटी देता यावी. त्यातच हातगाड्या, स्कूटरी, कापडाचे गठ्ठे. आजोबा एका गल्लीच्या तोंडाशी थांबले. ‘बंब इथपर्यंत येतो,’ ते म्हणाले. ‘पुढे आम्ही पाइप खांद्यावर घेऊन पळतो.’

इथे काळबादेवीत ९ मे २०१५ ला ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर पडले. जवान आणि अधिकारी आग आजूबाजूला पसरू नये म्हणून झुंजत होते. तेवढ्यात इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी त्यात गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले. काही दिवसांच्या अंतरानं, त्याच महिन्यात, तेही गेले.

मुलांनो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सुनील नेसरीकर हे संपूर्ण मुंबईच्या अग्निशमन दलाचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे सगळ्यांत मोठे साहेब. ते कचेरीत बसून हुकूम देऊ शकत होते. पण ते आपल्या माणसांबरोबर आगीच्या जागी होते, आणि त्यांच्या खालोखालचे अधिकारीही तिथेच होते. वर्गाचा मॉनिटर व्हायला आपण सगळे उत्सुक असतो ना? पुढारी असणं म्हणजे काय, हे मी मुलांना पुस्तकातून किती वर्षं शिकवते आहे. त्या गल्लीत मला काही शिकवावंच लागलं नाही.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका रसाच्या दुकानापाशी आम्ही बसलो तेव्हा त्यांनी एक आठवण सांगितली. ती मी जशी ऐकली तशीच सांगते.

‘तेव्हा मी केंद्र अधिकारी नव्हतो झालो. मध्य मुंबईतल्या एका चाळीतून रात्री वर्दी आली. आम्ही चार मिनिटांत पोचलो. आग दुसऱ्या मजल्यावर. वर एक म्हातारी बाई एकटी आहे, असं लोक ओरडत होते. मी जिन्यात शिरलो. पहिल्या वळणावर सायकली, एक मोडकं कपाट, पाण्याचं पिंप, चपलांचं स्टँड. धुरात काही दिसत नव्हतं. एकेक वस्तू हातानं चाचपायची, उचलायची, मागच्याकडे द्यायची. तीन मिनिटं लागली, फार तर चार. वर पोचलो तेव्हा...’

ते थांबले. एका मुलीच्या आईनं डोळ्याला पदर लावला.

‘तिला आग लागलीच नव्हती,’ आजोबा म्हणाले. ‘धुरानं गेली. ज्यांना बाहेर काढलं त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत. पुष्कळ होते. तिचा आठवतो.’

हिंदमाताची हुशार मुलगी

परत येताना आजोबांनी आम्हाला लालबागला उतरूच दिलं नाही. बस तशीच पुढे परळला, हिंदमातापाशी. पावसाळ्यात टीव्हीवर जिथे कमरेएवढं पाणी दाखवतात ना, तेच हिंदमाता.

इथे क्रिस्टल टॉवर नावाची उंच इमारत आहे. २२ ऑगस्ट २०१८ ला सकाळी तिला आग लागली. चार माणसं दगावली. वरच्या मजल्यांवर धूर भरला, लोक घाबरले. तिथे झेन सदावर्ते नावाची दहा वर्षांची मुलगी राहत होती. म्हणजे तुमच्याएवढीच! आगीत काय करायचं हे ती शाळेत शिकली होती. तिनं मोठ्या माणसांना सांगितलं, कापड ओलं करा, नाकातोंडावर धरा आणि त्यातून श्वास घ्या. मोठ्यांनी तिचं ऐकलं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

आजोबा आमच्या मुलांना म्हणाले, ‘बंब पोचेपर्यंत जी माणसं डोकं शांत ठेवतात, ती आमच्याच दलाची समजायची.’ मग त्यांनी फुटपाथवरच परीक्षा घेतली. तुम्हीही उत्तरं पाठ करा :

धूर झाला तर? धूर वर जातो, चांगली हवा जमिनीलगत राहते. म्हणून ओणवं होऊन, रांगत बाहेर पडायचं. ओलं फडकं नाकातोंडावर.

उंच इमारतीत आग लागली तर? लिफ्टनं जायचं नाही, जिन्यानंच उतरायचं. लिफ्ट मध्येच अडकू शकते.

कपड्यांनी पेट घेतला तर? पळायचं नाही! पळालं की वारा लागतो आणि आग भडकते. थांबायचं, जमिनीवर पडायचं, चेहरा हातांनी झाकून गडबडा लोळायचं.

गॅसचा वास आला तर? हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. दारं-खिडक्या उघडायच्या. दिव्याचं किंवा पंख्याचं कुठलंच बटण दाबायचं नाही, लावायचं नाही की बंदही करायचं नाही. आणि मोठ्यांना सिलिंडर बंद करायला सांगायचं.

भाजलं तर? नळाच्या साध्या पाण्याखाली बराच वेळ धरायचं. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं.

आग म्हणजे तीन मित्रांची टोळी : जळणारी वस्तू, हवा आणि उष्णता. तिघांतला एक जरी फोडला की टोळी मोडली. पाणी उष्णता घालवतं. कढईवर झाकण टाकलं की हवा तुटते. म्हणूनच पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नसतं, झाकण ठेवायचं असतं. पाणी ओतलं तर पेटतं तेल चहूकडे उडतं.

तिथून चालत घरी येताना आजोबांनी दलाची बाकीची कामंही सांगितली. तुम्हाला वाटतं की हे लोक फक्त आगी विझवतात? पावसात झाड पडलं तरी तेच येतात. जुनी इमारत कोसळली तर ढिगाऱ्यातून माणसं काढायला तेच. दादरला झाडावर मांजात अडकलेली घार सोडवायला शिडी लावणारे तेच. लालबाग-परळच्या गणपतीत गर्दीजवळ गाडी घेऊन रात्र काढणारेही तेच. आपण दर्शनाला रांगेत असतो तेव्हा ते ड्यूटीवर असतात. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी ताज हॉटेलात होते, इमारत पेटली होती, तेव्हा बाहेर शिड्या लावून खिडक्यांतून पाहुण्यांना उतरवणारे जवान याच दलाचे. आजोबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. ‘त्या रात्री टीव्हीसमोर बसून होतो,’ ते म्हणाले. ‘पस्तीस वर्षांत कधी भ्यालो नाही तेवढा त्या रात्री भ्यालो. घरात बसून बघणं फार कठीण असतं.’ मला तेव्हा त्यांच्या घरच्यांची आठवण झाली. आजींनी अशा किती रात्री काढल्या असतील?

कपाट कुणाचं?

आता त्या बसमधल्या कुजबुजीची गोष्ट. मुलांनी ठरवलं होतं की, आजोबांना पदक मिळालं नाही ना, मग आपणच सत्कार करायचा! चाळीच्या मंडळाला त्यांनी पत्र लिहिलं. मंडळानं लगेच मान्य केलं. गणपतीत, पाचव्या दिवशी, शाल, श्रीफळ आणि मानपत्र द्यायचं ठरलं. मानपत्र मी लिहिलं. ‘अतुलनीय’, ‘देदीप्यमान’ असे शब्द घालून चांगलं लांबलचक लिहिलं.

मंडळाची माणसं निमंत्रण द्यायला गेली, तर आजोबा म्हणाले, ‘शाली घरात दोन आहेत. खरंच काही द्यायचं असेल तर मला जिना मोकळा करून द्या.’

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आमची चाळ तळमजला अधिक तीन मजले, लाकडी जिना. आजोबा म्हणाले, ‘उद्या सकाळी घंटा वाजवतो. सगळ्यांनी घर सोडून खाली अंगणात यायचं. मी घड्याळ लावतो. मग बोलू.’

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. माणसं हसत खिदळत निघाली. पण वरून चाळीस-पन्नास माणसं उतरू लागली तशी वळणावर गर्दी झाली. एका आजींना खुर्चीत बसवून आणत होते, ती खुर्ची अडकली. मागून लहान मुलं रडू लागली. हसणं थांबलं. शेवटचा माणूस अंगणात आला तेव्हा आजोबांनी घड्याळ दाखवलं. नऊ मिनिटं! ‘आणि धूर नव्हता,’ एवढंच ते म्हणाले.

खुर्ची कशाला अडकली होती? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जुनं लोखंडी कपाट होतं त्याला. मुलांनो, सांगायला लाज वाटते, पण ते कपाट आमचं होतं. माझं! घरात जागा नाही म्हणून बारा वर्षांपूर्वी ‘चार दिवसांसाठी’ बाहेर ठेवलं होतं. आत काय होतं? जुन्या वह्या, रद्दी, फाटक्या गाद्या. म्हणजे आगीला हवं ते सगळं. माझ्याच वर्गातली एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, ‘बाई, हे तुमचं ना?’ भायखळ्याला मी मुलांना घेऊन गेले, काळबादेवीला गेले, त्या म्हाताऱ्या बाईची गोष्ट ऐकून रडले, आणि रोज त्याच कपाटाला वळसा घालून घरी येत होते.

त्याच दुपारी चार जणांनी ते खाली उतरवलं आणि भंगारवाल्याला दिलं. मग काय, एकेक दार उघडलं. सायकली अंगणात गेल्या. पिंपं, कुंड्या, चपलांची स्टँडं, कुणाचा तरी जुना पाळणा, सगळं हललं. काही घरांत भांडणंही झाली, नाही असं नाही. ‘ठेवायचं कुठे?’ हा प्रश्न खराच आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्यांनी सामान ठेवायचं कुठे? त्यावर मंडळानं तोड काढली. अंगणातली मंडळाची पत्र्याची शेड सगळ्यांसाठी उघडी केली.

चार दिवसांनी पुन्हा घंटा. पुन्हा घड्याळ. सगळी चाळ अंगणात, त्या खुर्चीतल्या आजींसकट. साडेतीन मिनिटं!

मग पाचव्या दिवशी संध्याकाळी, आरती झाल्यावर, आजोबांनी शाल घेतली. आपली दलातली जुनी टोपी घालून ते आले होते. माझं लांबलचक मानपत्र मी वाचलंच नाही. त्याऐवजी मुलांनी एका कागदावर दोनच आकडे मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते : ९ आणि ३॥. तो कागद आजोबांनी घडी न घालता हातात धरला. भाषण करा म्हणून सगळे मागे लागले, पण ते दोनच वाक्यं बोलले. ‘हे पदक मला समजतं. आता ते पुन्हा नऊ होऊ देऊ नका.’

खरं सांगू? अनंत चतुर्दशी झाल्यावर पंधरा दिवसांत पहिल्या मजल्यावर चपलांचं एक स्टँड पुन्हा आलं. पण आता आमच्या मुलांनी दर रविवारी जिन्याची पाहणी सुरू केली आहे. चौघे जण शिट्टी घेऊन वर जातात आणि खाली येतात. स्टँड दिसलं की शिट्टी! माझ्या दारासमोर तर ते जरा जास्तच वेळ थांबतात.

तर मुलांनो, आज हे वाचून झालं की एक काम करा. घराबाहेर पडा आणि आपला जिना वरपासून खालपर्यंत उतरून बघा. वाटेत काय काय आहे ते मोजा. आईबाबांना दाखवा. चाळ असो की वीस मजल्यांची सोसायटी, प्रश्न तोच. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का? किल्ली कुणाकडे असते? गल्लीच्या तोंडाशी गाडी अशी उभी आहे का, की बंब आत येऊच शकणार नाही? आणि तुमच्या शेजारी, नातेवाइकांत कुणी निवृत्त जवान राहत असतील तर त्यांच्याकडे जा. त्यांना त्यांच्या वर्दीच्या गोष्टी विचारा. नमस्कार करा. पण आधी जिना मोकळा करून मगच जा हं!

बाकी, माझ्या त्या कपाटाचे भंगारात किती पैसे आले ते विचारू नका. त्या पैशांतून आम्ही चाळीच्या जिन्यात एक मोठी घंटा बसवली आहे.